तीन नंबरची खिडकी

साहेबरावांना गावाला जायचं होतं म्हणून ते कुरुळीहून निघाले आणि गावाच्या बरोबर उलट्या दिशेला, निगडीला जाऊन पोचले. हे ऐकून कुणालाही वाटेल, की उन्हाचा माणसाच्या डोक्यावर परिणाम झाला. कारण हिंगोलीकडं जाणारी ती ट्रॅव्हल्स निगडीहून सुटते खरी, पण चिंचवड, भोसरी, मोशी असं करत पुढं कुरुळी फाट्यावरच येते, आणि फाटा साहेबरावांच्या खोलीपासून हाकेच्या अंतरावर आहे. त्यांनी खोलीत पंख्याखाली आडवं पडायचं आणि हॉर्न ऐकला की पायांत चपला सरकवायच्या, एवढंच काम होतं. पण अकरा वर्षं परमुलखात काढलेल्या माणसाला काही गोष्टी ठेच लागून कळलेल्या असतात. कुरुळीला चढणाऱ्याची सीट फक्त तिकिटावर असते. बसमध्ये तिच्यावर चिंचवडचा कुणीतरी केव्हाच मांडी ठोकून बसलेला असतो, आणि तो उठत नाही.

म्हणून या खेपेला त्यांनी ठरवलं, की बस जिथून निघते तिथंच जाऊन बसायचं. तीन नंबरची सीट, पुढची, खिडकीची. दोन बस बदलून, दीड तास दांडीला लोंबकळून ते निगडीला पोचले, ट्रॅव्हल्समध्ये सगळ्यांच्या आधी चढले, पिशव्या वर ठेवल्या आणि खिडकी सरकवून पाहिली. ती सरकली. सरकणारी खिडकी गेल्या कित्येक प्रवासांत त्यांच्या वाट्याला आली नव्हती.

परमुलूख म्हटलं की लोकांना दुबई, अमेरिका आठवते. पण महाळुंग्याच्या ज्या कंपनीत साहेबराव डिस्पॅचला होते, तिथला कोरियन साहेब शुक्रवारी संध्याकाळी निघाला की शनिवारी आपल्या घरी जेवायला बसायचा. साहेबरावांनाही जिंतूरजवळच्या आपल्या गावी पोचायला जवळजवळ तेवढाच वेळ लागे. फरक इतकाच, की साहेबाला वाटेत विमानातल्या बाई पांघरूण आणून देत आणि साहेबरावांना क्लीनर पाय आत घ्यायला सांगे. त्यातून कंपनी होती मोटारींच्या सीटा बनवणारी. दिवसाकाठी चारशे सीटा प्लास्टिक गुंडाळून ट्रकात चढवणारा हा माणूस स्वतः मात्र वर्षातून चारदा सीटेवाचून हाल काढत गावी जायचा. दैव अशी थट्टा करतं आणि वर हसतही नाही.

या खेपेला जाणं फार गरजेचं होतं. गेल्या सात महिन्यांत साहेबरावांनी बायकोला, कस्तुराबाईंना, तीनदा 'येतो' म्हणून सांगितलं होतं आणि तिन्ही वेळा ऐनवेळी ओव्हरटाइम लागला होता. पहिल्या वेळी कस्तुराबाई फोनवर अर्धा तास भांडल्या. दुसऱ्या वेळी दहा मिनिटं भांडल्या. तिसऱ्या वेळी त्या नुसतं 'बरं' म्हणाल्या आणि फोन मुलीकडं, अंजलीकडं दिला. तेव्हापासून 'कधी येणार' म्हणून त्या विचारतच नव्हत्या. भांडणारी बायको 'बरं' म्हणायला लागली, की नवऱ्यानं समजून जावं. साहेबराव समजून गेले होते. आपल्यावाचून घर चालायला लागलं, आता आपली वाटही कुणी बघत नाही, या विचारानं त्यांना खोलीत घास गोड लागत नव्हता.

अशात सीटा घेणाऱ्या वरच्या मोठ्या कंपनीनं गाड्या बनवणं चार दिवस थांबवलं, त्यामुळं सीटांची लाईनही बंद झाली आणि सगळ्या कामगारांना अचानक सुट्टी मिळाली. साहेबरावांनी चौथ्यांदा 'येतो' म्हणायचं नाही असं ठरवलं. न सांगता जायचं, पहाटे दारात उभं राहायचं. पण कस्तुराबाईंपुढं त्यांना खोटं बोलता येत नसे. वाटेत तिचा फोन आला आणि मागून ट्रॅव्हल्सचा हॉर्न ऐकू गेला, तर सगळंच फुटलं असतं. म्हणून निगडीला बसल्याबसल्या त्यांनी फोन बंद करून खिशात ठेवला. खोलीची किल्ली सकाळीच घरमालकीण गोजाबाईंकडं दिली होती.

बस अडीचला निघाली. चिंचवडपर्यंतची वीस मिनिटं साहेबराव तीन नंबरवर बसले. वारा लागत होता, पाय लांब होत होते. पुढं अनेक दिवस त्यांना ती वीस मिनिटं आठवत राहिली.

चिंचवडला एक तरुण मुलगी चढली. योगिनी तिचं नाव. माणच्या एका आयटी कंपनीत कामाला होती आणि तिच्या पाठीवरची बॅग तिच्याहून मोठी होती. तिची सीट चार नंबरची, म्हणजे साहेबरावांच्या शेजारची. ट्रॅव्हल्सचा एजंट जयसिंग निगडीपासून गाडीतच होता. चाकणपर्यंत पॅसेंजर भरत यायचं आणि तिथं उतरायचं, असा त्याचा रोजचा रिवाज. त्यानं योगिनीकडं पाहिलं, साहेबरावांकडं पाहिलं आणि मान तिरकी केली.

"काका, एकटेच ना तुम्ही?"

"हो."

"मग जरा मागं सतरा नंबरला बसता का? ताई एकट्या आहेत ना, म्हणून."

आता या गाडीत दोघंही एकटेच होते. पण बाईमाणसाचं एकटं असणं हे कारण ठरतं आणि पुरुषाचं एकटं असणं ही सोय ठरते. साहेबरावांना स्वतःची मुलगी होती, त्यामुळं त्यांनी वाद घातला नाही. अंजलीही उद्या अशीच कुठं प्रवासाला निघेल, असा विचार करत ते उठले. योगिनीनं तोंडभर आभार मानले, कानांत ती छोटी बोंडं खुपसली आणि तीन नंबरच्या खिडकीला डोकं टेकवून भोसरी यायच्या आत झोपून गेली.

सतरा नंबरही तसा वाईट नव्हता. खिडकी होती, फक्त ती सरकत नव्हती. भोसरीला उद्धवराव नावाचे गृहस्थ बायको, सासूबाई, दोन मुलं आणि सामानाचे सात डाग घेऊन चढले. अंगानं भरलेले, आवाजानं त्याहून भरलेले. साहेबरावांच्या शेजारी टेकताच त्यांनी नाव विचारलं, गाव विचारलं, गावातली शेती कुणीकडं आहे तेही विचारलं. साहेबरावांना भडभडून आलं. चाकण पट्ट्यात अकरा वर्षं राहून त्यांना कुणी शेती कुणीकडं आहे म्हणून विचारलं नव्हतं. कंपनीत टोकन नंबर विचारत, खोलीवर लाईटबिल विचारत. त्यांनी मग मन मोकळं करून अंजलीची बारावी, तिला नर्सिंगला घालायचा विचार, गावच्या विहिरीचं पाणी, असं सगळं सांगायला घेतलं. उद्धवराव मान डोलवत होते. विहिरीपाशी आल्यावर त्यांनी साहेबरावांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"वा वा. म्हणजे आत्ता एकटेच चाललाय म्हणायचं."

"हो, एकटाच."

"मग एक काम करा ना राव. आमच्या सासूबाईंना सव्वीस नंबर आलाय, चाकावरचा. त्यांना तिथं दणके सोसायचे न्हाईत. तुम्ही तेवढं तिकडं बसता का?"

तेव्हा साहेबरावांच्या ध्यानात आलं, की चौकशी त्यांची नव्हती, सीटेची होती. विहीर अर्धीच सांगून ते उठले. सव्वीस नंबरवर खाली चाकाचा उंचवटा होता, त्यामुळं गुडघे हनुवटीला लागत. तसं बसल्यावर माणूस आपोआप विचारात पडल्यासारखा दिसतो, आणि साहेबराव खरोखरच विचारात पडले होते. पुढं उद्धवरावांच्या धाकट्या पोरानं बिस्किटाचा पुडा फोडला आणि सगळ्या कुटुंबात तो फिरला. मागं कुणी पाहिलं नाही.

मोशीला यायलाच साडेपाच झाले. तिथं चौकात जी कोंडी लागली, तिला कोंडी म्हणणंही कमीच. गाड्या कुणीतरी आणून ठेवून दिल्यासारख्या उभ्या होत्या. तिथं चार तरुण पोरं चढली. एकाच कंपनीतली, एकाच शिफ्टची, एकाच खोलीत राहणारी आणि एकाच मोबाइलवर पिक्चर बघायला निघालेली. त्यांच्या तीन सीटा जवळजवळ होत्या आणि चौथी अगदी शेवटच्या बाकावर. सव्वीस नंबर बरोबर त्यांच्या मधोमध येत होता. त्यांनी जयसिंगलाही मधे घेतलं नाही.

"काका, आमी चौघं हाय. तुमी एकटेच दिसताय."

साहेबरावांनी यावेळी हो सुद्धा म्हटलं नाही. गुडघे हनुवटीपासून सोडवले, पिशव्या काढल्या आणि ते शेवटच्या बाकाकडं निघाले. त्या बाकावर पाच जण बसतात, आणि साहेबरावांच्या वाट्याला बरोबर मधली जागा आली. पुढं आधाराला काही नाही, सरळ मोकळी वाट. ड्रायव्हरनं जोरात ब्रेक मारला तर बसलेला माणूस थेट त्याच्या मांडीवर जाऊन बसेल, अशी ती जागा. पण साहेबरावांनी मनाची समजूत घातली. जागा म्हणजे जागा. पहाटे कस्तुरा दार उघडेल तेव्हा ती काही सीट नंबर विचारणार नाही.

तरीही समजूत पुरी पटायच्या आत जयसिंग आणि क्लीनर दोघं मिळून एक जड खोकं उचलून मागं घेऊन आले. आत घरघंटी होती. घरच्या घरी पीठ दळायचं यंत्र. मोशीच्या कुणीतरी ती जिंतूरला बहिणीकडं पाठवली होती, डिकी सामानानं गच्च भरली होती आणि घरघंटीचं रीतसर तिकीट काढलेलं होतं. जयसिंगनं साहेबरावांना एका कडेला सरकवलं आणि घरघंटी त्यांच्या शेजारी ठेवली.

"काका, हिला जरा धरून बसा. एकटी ठेवली तर पडेल."

साहेबरावांनी घरघंटीच्या खांद्यावरून हात टाकला. अकरा वर्षं ते या मुलखात एकटे होते आणि आपण पडू अशी काळजी आजवर कुणी केली नव्हती. त्यांना हसूही आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळं शेजारच्या माणसाला वाटलं की यांना मळमळतंय. तो घाईघाईनं पलीकडं सरकला. त्यातून घरघंटीलाच जास्त जागा झाली.

पावणेसातला बस कुरुळी फाट्याजवळ आली. मागच्या काचेतून साहेबरावांना ओळखीचं दुकान दिसलं, पंक्चरवाला दिसला, त्यांच्या खोलीकडं जाणारा रस्ता दिसला. सकाळी साडेअकराला ते याच रस्त्यानं बाहेर पडले होते. सात तास प्रवास करून ते स्वतःच्या दाराशी येऊन पोचले होते, आणि आता तर तीन नंबरची सीटही जवळ नव्हती.

तेवढ्यात जयसिंग फोनवर बोलत बोलत मागं आला. त्याचा चेहरा काळजीचा होता, पण त्या काळजीतही त्याची नजर साहेबरावांवर येऊन थांबली. फाट्यावर दोन लेडीज उभ्या आहेत, असं त्यानं सांगितलं. कुरुळीतल्या ओळखीच्या एका म्हातारीचा फोन आला होता, फार अर्जंट आहे म्हणून. गाडी फुल आहे हे तो सांगत होता, पण पलीकडं एक बाई रडत होत्या, तेव्हा त्यानं शब्द देऊन टाकला. आता घरघंटी मधल्या वाटेत ठेवायची आणि तिथं दोघींना बसवायचं.

"आणि मी?" साहेबरावांनी विचारलं.

"तुम्ही केबिनमध्ये बसा ना काका. ड्रायव्हरच्या मागं फळी आहे. तुम्ही काय, एकटेच आहात."

दिवसभर जे बोलणं साहेबरावांनी पोटात घातलं होतं, ते आता पोटात मावेना. ते उठून उभे राहिले. इतकी वर्षं उठून उभं राहायचं ते दुसऱ्याला जागा द्यायलाच, त्यामुळं जयसिंगला वाटलं की काम झालं. त्यानं घरघंटीला हात घातला.

"मी केबिनात बसणार नाही," साहेबराव म्हणाले. "इथंबी बसणार नाही. माझं तिकीट तीन नंबरचं हाय. मला माझी खिडकी पाहिजे."

"काका, आता काय त्याचं..."

"दिवसाला चारशे सीटा भरून पाठवतो मी. चारशे. एक बी कधी कमी गेली नाही. अन् मला बसायला एक सीट नाही व्हय? एकटा हाय म्हणजे काय माणूस नाही का मी?"

त्यांचा आवाज त्यांना स्वतःलाच अनोळखी वाटला. पिशव्या छातीशी धरून ते पुढं निघाले. मग गाडीत जे झालं, ते एखाद्या स्वेटरचा धागा ओढावा तसं झालं. तीन नंबरवर साहेबराव बसणार, तर योगिनीला दुसरीकडं बाईमाणसाशेजारी बसवायला पाहिजे. बाईमाणूस म्हणजे उद्धवरावांच्या सासूबाई, पण त्या शेजारून जावयाला उठू द्यायला तयार होईनात. उद्धवराव निघाले तर त्यांची बायको आणि मुलं निघणार, आणि ती सव्वीसच्या आसपास बसायची म्हटली तर त्या चार पोरांची फाटाफूट होणार, आणि पिक्चर तर ऐन मारामारीत आला होता. दोन मिनिटांत अर्धी गाडी वाटेत उभी राहिली. प्रत्येकाच्या हातात पिशवी होती आणि प्रत्येकजण दुसऱ्याला माणुसकी शिकवत होता.

सगळ्यांत मोठा आवाज अर्थात उद्धवरावांचा. रस्त्यावर दोन बायामाणसं अंधार पडताना उभी आहेत आणि धडधाकट माणूस खिडकीसाठी हटून बसतो, हे आपल्या संस्कृतीत बसत नाही, असं ते सासूबाईंच्या आडून सांगत होते. योगिनी जागी झाली होती आणि आपल्यामुळंच काहीतरी झालं असावं, अशा चेहऱ्यानं बॅग पोटाशी धरून बसली होती. साहेबराव मात्र तीन नंबरच्या दांडीला धरून उभे राहिले. हलायचं नाही, एवढं एकच त्यांना कळत होतं.

बस फाट्यावर थांबली, दार उघडलं. वाटेत माणसंच माणसं असल्यामुळं चढणाऱ्या बायका पायरीवरच अडकल्या. जयसिंगनं त्यांना खालूनच सगळी हकिकत सांगितली असावी, कारण दारातून एक खणखणीत आवाज आत आला.

"कोण हाय वो तो बाबा? दोन बायामानसं दारात उभी हायेत अन् ह्यो खिडकीसाठी रुसलाय. घरी बायकापोरं हायेत का नाहीत त्याला?"

सगळ्या गाडीला हा प्रश्न आवडला. साहेबरावांची दाराकडं पाठ होती. त्यांनी वळूनही पाहिलं नाही, तिथूनच ओरडून सांगितलं.

"हायेत बाई, हायेत. त्यांच्याकडंच चाललोय. दुपारधरून तुमच्यासारख्यांसाठीच उठायलोय मी."

दारातला आवाज एकदम थांबला. साहेबरावांनाही आपलं वाक्य संपल्यावर मागून कळलं, की तो खणखणीत आवाज आपल्याला चांगला ठाऊक आहे. पहिल्या वेळी अर्धा तास आणि दुसऱ्या वेळी दहा मिनिटं त्यांनी तो फोनवर ऐकला होता. ते हळूच वळले. उद्धवरावांच्या सासूबाईंच्या खांद्यापलीकडं, पायरीवर, हातात वायरची पिशवी घेऊन कस्तुराबाई उभ्या होत्या. रडून त्यांचे डोळे लाल झाले होते. त्यांच्या मागून अंजलीनं मान काढली.

"पप्पा?"

गाडीत कुणाला काही कळलं नाही. कळायचं कारणही नव्हतं. त्या दोघांनाच अजून धड कळलं नव्हतं. कस्तुराबाई साहेबरावांकडं पाहत होत्या आणि साहेबराव कस्तुराबाईंकडं, आणि मधे उद्धवरावांचा धाकटा पोरगा दोघांकडं आळीपाळीनं पाहत होता. जयसिंगला मात्र गाडी काढायची घाई होती. कोंडीतून मिळालेली फट बुजायच्या आत त्याला चाकण गाठायचं होतं.

"ताई, आता तुम्हीच सांगा यांना. एकटे आहेत, केबिनमध्ये बसले तर काय बिघडतं?"

"एकटे कामून असतील?" कस्तुराबाई म्हणाल्या. "माझा मालक हाय ह्यो."

गाडीत इतकं शांत झालं, की मोबाइलमधल्या पिक्चरची मारामारी शेवटपर्यंत ऐकू आली. दिवसभरात चारदा साहेबरावांना एकटे ठरवलं गेलं होतं आणि ते मान डोलवत गेले होते. कुणीतरी असं भर गाडीत नाही म्हणून सांगेल, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. उद्धवराव सगळ्यांत आधी भानावर आले. त्यांनी वहिनींना बसायला जागा देतो म्हणून सांगितलं आणि लगेच सासूबाईंना उठायला लावलं. पण कस्तुराबाई पायरीवरून वर चढल्याच नाहीत.

"उतरा खाली," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

साहेबराव उतरले. अकरा वर्षांत पहिल्यांदाच ते जागा सोडताना इतक्या घाईत होते. त्यांच्या पिशव्या हातोहात दारापर्यंत आल्या, योगिनीनं खिडकीतून हात हलवला, आणि वाटेत उभी असलेली सगळी मंडळी भराभर बसून गेली. बस फाट्यावरून वळली तेव्हा मागच्या बाजूनं धप्पदिशी आवाज आला. घरघंटीला धरणारं आता कुणी नव्हतं.

तिघं रस्त्याच्या कडेला उभे राहिले. कंटेनरमागून कंटेनर धूळ उडवत जात होते. आधी कुणी बोलावं हेच ठरेना, म्हणून अंजलीनंच सांगायला सुरुवात केली. आई पहाटेच्या एसटीनं निघाली, मला पण घेतलं. शिक्रापूरला उतरून चाकणची जीप धरली. चारला खोलीवर पोचलो तर कुलूप. घरमालकीण आजी म्हणाल्या, त्ये तर चार दिवस सुट्टी हाय म्हणून सकाळीच बॅगा घेऊन गावाला ग्येले. तुम्हाला फोन लावला, लागेना. मग आई रडायलाच लागली. ते तिकडं, आपण इकडं, चार दिवस असेच जातील म्हणाली. आजींनी ट्रॅव्हल्सवाल्याला फोन करून दिला.

"फोन कामून बंद ठेवला?" कस्तुराबाईंनी विचारलं.

"तुला कळू नये म्हणून."

"मी बी तुमाला कळू नये म्हणूनच आले."

साहेबरावांना वाटलं, आपल्याला अचानक भेटायला आली असेल, आणि ते तसं हसून बोलूनही गेले. कस्तुराबाई हसल्या नाहीत. पदरानं डोळे पुसत त्यांनी खरं ते सांगून टाकलं. सात महिने घरी न येणाऱ्या माणसाचं तिकडं दुसरं घर असतंय, असं गावातल्या बाया त्यांना म्हणत होत्या. आधी त्यांनी बायांना झाडलं. मग तिसऱ्यांदा नवरा आला नाही आणि त्यांच्या मनात पाल चुकचुकली. तेव्हा न सांगता जायचं, दार ठोठवायचं आणि काय असेल ते डोळ्यानं बघायचं, असं ठरवून त्या निघाल्या होत्या.

"मग? बघितलं का?"

"बघितलं. आजीनं खोली उघडून दिली." त्या थांबल्या. "एक ताट, एक वाटी, एक पेला. उशी बी एकच. मला आधी लई बरं वाटलं. अन् मग लई वाईट वाटलं."

साहेबरावांनी खाली मान घातली. एका ताटाचं दुःख त्यांनी अकरा वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. कोण विचारणार, आणि विचारलं तरी सांगणार काय. आता ते कुणीतरी न सांगता पाहून आलं होतं, आणि त्यांना अंगावरचं मोठं ओझं उतरल्यासारखं झालं. चार दिवस सुट्टी आहे, आता इथंच राहा, उद्या तुम्हाला भोसरीला नेतो, आणखी दोन ताटं घेऊ, असं ते भरभर बोलत सुटले. पिशव्या उचलून त्यांनी खोलीचा रस्ताही धरला.

"थांबा," कस्तुराबाई म्हणाल्या. "मी भांडायला आले व्हते. ते राहिलंच की."

आणि त्यांनी सुरुवात केली. पहिल्या 'येतो'पासून केली. त्या वेळी वाट बघून फुकट गेलेला स्वयंपाक, दुसऱ्या वेळी गावच्या फाट्यावर दोन तास उभी केलेली अंजली, दिवाळीत आलेला आणि दोन मिनिटांत ठेवलेला फोन, दुखऱ्या गुडघ्यावर लावायला आणतो म्हणून कधीच न आणलेलं तेल, सगळं तारीखवार बाहेर यायला लागलं. आवाज चढत गेला तशी अंजली चार पावलं पुढं जाऊन चालायला लागली. पंक्चरवाल्यानं हातातलं काम थांबवून पाहिलं. साहेबराव मधूनमधून 'हाव', 'चुकलं' म्हणत होते, पण त्यांचा चेहरा चुकलेल्या माणसाचा नव्हता. सात महिन्यांत त्यांच्याशी कुणी धड भांडलंही नव्हतं.

दुकानापासून डावीकडं वळलं की खोली तीन मिनिटांवर होती. अंजली तिकडं वळायला लागली, तेव्हा साहेबरावांनी तिला हाक मारून मागं बोलावलं आणि तळ्याकडून जाणारा लांबचा रस्ता धरला. एवढ्या दिवसांनी सुरू झालेलं भांडण इतक्यात संपावं, असं त्यांना वाटेना.